घरी बांधलेली दहा फुटी लाकडी हायड्रोप्लेन: कागदावर ताशी ८५ किलोमीटर, पाण्यावर ताशी ४६

तळ्याकाठचा

नमस्कार. गेले चौदा महिने सिअ‍ॅटलजवळच्या आमच्या घराच्या गॅरेजात मी शर्यतीच्या घाटाची एक दहा फुटी लाकडी हायड्रोप्लेन बांधत होतो. गेल्या रविवारी ती प्रथम पाण्यात उतरली, बुडाली नाही, गळलीही नाही. मात्र माझ्या हिशेबापेक्षा निम्म्याच वेगाने धावली, आणि तीही सरळ न धावता घोडा दुडक्या चालीने उधळावा तशी नाक वरखाली करत धावली. हा धागा त्यासाठीच आहे. आधी नौका कशी आहे ते सविस्तर लिहितो, कारण तेवढ्यावाचून कोणालाही निदान करता येणार नाही.

हा नाद लागण्याचे कारण येथील इतिहास व उद्योग संग्रहालयात छताला टांगलेली 'स्लो-मो-शन फोर' ही नौका. टेड जोन्स यांनी ती रेखली, अँकर जेन्सन यांनी बांधली आणि मालक स्टॅनली सेयर्स यांनी २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर ती ताशी १६०.३२३ मैल, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटर वेगाने चालवली. त्याआधीचा विक्रम माल्कम कॅम्पबेल यांच्या 'ब्लू बर्ड'ने १९३९ साली केलेला ताशी १४१.७४ मैलांचा होता. अकरा वर्षांचा विक्रम अठरा मैलांहून अधिक फरकाने मोडणारी ती वस्तू प्रामुख्याने लाकडाची आहे, हे तिच्याखाली उभे राहिल्यावर डोळ्यांना पटते आणि मनाला पटायला वेळ लागतो. तिच्यात विमानाचे अ‍ॅलिसन यंत्र होते. माझ्या नौकेवर २५ अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे नौकेच्या मागे बाहेरून टांगायचे, यंत्र आहे, तेव्हा तुलना येथेच थांबवतो.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधी नौका पाणी बाजूला सारत जाते. वेगवान नौका पाण्यावर घसरते. तीनबिंदू हायड्रोप्लेन याही पुढे जाते. पुढच्या भागात डावीउजवीकडे दोन अरुंद पायांसारखे भाग असतात, त्यांना स्पॉन्सन म्हणतात. पूर्ण वेगात नौका या दोन स्पॉन्सनांच्या मागच्या टोकांवर आणि तिसऱ्या ठिकाणी पाण्यातल्या पंख्यावर (प्रोपेलरवर) तोललेली असते. मधला तळ पाण्याला जवळजवळ शिवतच नाही. तळाखालून जाणारी हवा दोन्ही बाजूंच्या खाली उतरलेल्या पट्ट्यांमध्ये कोंडली जाऊन काही भार उचलते. १९३० च्या दशकात न्यू जर्सीतील व्हेंटनर येथे अडॉल्फ एपेल यांच्या कारखान्यात ही कल्पना रूढ झाली आणि पुढे अमेरिकी मासिकांतून छापलेल्या आराखड्यांमुळे ती घरोघरच्या गॅरेजांत पोहोचली.

माझा आराखडा पूर्णपणे माझा नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या दोन आराखड्यांची मापे समोर ठेवून, माझ्या वजनानुसार चालकाची जागा ठरवून, मी तो नव्याने रेखला. लांबी ३ मीटरच्या किंचित वर आहे. स्पॉन्सनच्या धावत्या पृष्ठाला तळरेषेशी अडीच अंशांचा चढ दिला आहे. आडव्या चौकटी डग्लस फरच्या आणि लांबट पट्ट्या सिट्का स्प्रूसच्या आहेत. ही दोन्ही झाडे आमच्या या किनाऱ्याचीच असल्याने सरळ रेषांचे, गाठी नसलेले लाकूड चांगले मिळाले. तळाला ६ मिलिमीटर, स्पॉन्सनांना ४ आणि वरच्या आच्छादनाला ३ मिलिमीटर जाडीचे ओकूमे या हलक्या लाकडाचे मरीन प्लायवुड वापरले. पत्रा आठ फुटांचा आणि नौका दहा फुटांची, त्यामुळे सांधा अटळ होता. तो एकास आठ या उताराने घासून एपॉक्सी या राळेच्या गोंदाने जोडला. म्हणजे ६ मिलिमीटरच्या पत्र्याला ४८ मिलिमीटर लांबीचा उतार. दोन्ही पत्रे एकमेकांवर पायरीसारखे ठेवून एकदमच रंधा मारला की प्लायवुडचे थर समांतर पट्ट्यांसारखे उघडतात, आणि त्या पट्ट्या सरळ दिसल्या की उतार खरा झाला असे समजावे. सबंध कामात मला सर्वांत जास्त समाधान या सांध्याने दिले.

नौकेचे वजन ५८ किलो, यंत्राचे ५२, माझे ७८ आणि इंधन व इतर ७, असे एकूण १९५ किलो, म्हणजे ४३० पौंड होतात. वेगाच्या अंदाजासाठी मी अमेरिकी नौकारचनाकार जॉर्ज क्राउच यांचे सूत्र वापरले. वजनाला अश्वशक्तीने भागायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि एका स्थिरांकाला त्याने भागायचे. तीनबिंदू हायड्रोप्लेनसाठी हा स्थिरांक २२० धरतात. ४३० भागिले २५ म्हणजे १७.२, त्याचे वर्गमूळ ४.१५, आणि उत्तर ताशी ५३ मैल, म्हणजे ८५ किलोमीटर.

प्रत्यक्षात वाऱ्याशिवाय, सपाट पाण्यावर, जीपीएसने मोजलेला सर्वाधिक वेग ताशी ४६ किलोमीटर. त्या वेळी यंत्र मिनिटाला ६,००० फेरे घेत होते, जे त्याच्या कमाल मर्यादेच्या थोडे वरच आहे. साधारण ३५ च्या पुढे नाक उसळू लागते आणि वेग वाढवला की उसळी वाढते. वजन चुकले, स्पॉन्सनचा कोन चुकला की सूत्रच चुकले? जाणकारांनी कृपया पाहावे.

लाटालहरी

अभिनंदन. मोजमापे इतक्या नेटकेपणाने देणारा प्रश्नकर्ता क्वचितच भेटतो. मी जहाजरचना कोचीला शिकले आणि पोट भरते ते मोठ्या, संथ, कंटाळवाण्या जहाजांवर. त्यामुळे हा धागा वाचताना थोडा हेवाही वाटला.

तुमच्या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध फारसा नाही, म्हणून त्या वेगळ्या सोडवाव्यात. वेगाची तक्रार तर नौकेची नाहीच. क्राउच यांचे सूत्र एवढेच सांगते की इतकी शक्ती पाण्यापर्यंत नीट पोहोचली तर इतका वेग शक्य आहे. पंखा त्या वेगाला साजेसा आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. तुम्ही पंख्याचे पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पुढे सरकण्याचे अंतर, आणि यंत्राचे गियर गुणोत्तर लिहिलेले नाही. यंत्र जुने, मासेमारीच्या किंवा सहलीच्या नौकेसाठी केलेले असेल, तर माझा अंदाज असा की गुणोत्तर दोनाच्या वर आणि पिच बारा-तेरा इंच असणार. कृपया पाहून सांगा.

तळ्याकाठचा

ताई, अंदाज अचूक आहे. गुणोत्तर २.२५ ला १ आणि पिच १३ इंच, तीन पाती, अ‍ॅल्युमिनियम.

लाटालहरी

मग हिशेब करून पाहू. यंत्राचे ६,००० फेरे भागिले २.२५ म्हणजे पंख्याचे सुमारे २,६६७ फेरे. दर फेऱ्याला पंखा १३ इंच, म्हणजे ३३ सेंटिमीटर पुढे सरकतो, जर पाणी घट्ट लोण्यासारखे असेल तर. २,६६७ गुणिले ०.३३ गुणिले ६० म्हणजे ताशी ५२.८ किलोमीटर. पाणी लोणी नसल्याने पंखा थोडा घसरतो; तुमच्या ४६ वरून ती घसर १३ टक्के निघते, आणि उसळणाऱ्या नौकेसाठी ती वाईट नाही.

म्हणजे या पंख्याने ताशी ८५ हा वेग कोणत्याही नौकेला, अगदी वजनहीन नौकेलाही, मिळणे शक्य नव्हते. यंत्र मर्यादेच्या वर फिरत होते, हीच खूण होती की त्याच्याजवळ शक्ती शिल्लक आहे आणि पंखा ती पाण्याला देत नाही. सायकल उतारावर असताना पहिल्या गियरमध्ये पाय मारावेत तसा हा प्रकार आहे. १७ इंच पिचचा पंखा लावल्यास ५,४०० फेऱ्यांना, दहा टक्के घसर धरून, ताशी ५६ पर्यंत जाल असे वाटते.

त्यापुढे जायचे तर खालचा गियरचा भागच बदलावा लागतो. म्हणूनच १९५० च्या दशकातील मर्क्युरीच्या 'मार्क २० एच' यांसारख्या शर्यतीच्या यंत्रांना खाली सडपातळ आणि जवळजवळ एकास एक गुणोत्तराचा भाग दिलेला असे. आकाराने ती यंत्रे तुमच्या यंत्राएवढीच, पण त्यांचा पंखा तुमच्यापेक्षा दुपटीहून अधिक फिरतो. लोक त्या जुन्या यंत्रांसाठी अजूनही का भांडतात, याचे उत्तर यातच आहे.

नवशिका_नाखवा

माझा एक बाळबोध प्रश्न आहे. शक्ती तीच असताना नौका हलकी केली तर किती फरक पडतो? मी ठाण्यात राहतो आणि माझ्या मनात असे काहीतरी बांधण्याचे बरेच दिवस घोळत आहे.

तळ्याकाठचा

त्याच सूत्राने पाहा. वीस किलो कमी केले तर ४३० चे ३८६ पौंड होतात आणि उत्तर ५३ वरून ५६ मैलांवर जाते. म्हणजे ताशी पाच किलोमीटरांच्या आसपास. वीस किलो नौकेतून काढणे फार कठीण आहे, स्वतःतून काढणे तुलनेने सोपे आहे, असे माझी पत्नी या गणिताकडे पाहून म्हणाली. एपॉक्सीचा मोह मात्र टाळावा. प्रत्येक जण 'आणखी एक हात फिरवू' म्हणतो. माझ्या ५८ किलोंपैकी निदान दहा किलो एपॉक्सीचे आहेत, आणि त्यातले तीन अनाठायी आहेत.

बंदरकाठी

मी मालवणचा. आमच्या घरी तीन पिढ्या होड्या बांधल्या जात. मी स्वतः आता फायबरची दुरुस्ती करतो. हायड्रोप्लेन मी कधी पाहिलेली नाही, त्यामुळे वेगाविषयी काही बोलणार नाही. नाक उसळण्याविषयी मात्र एक विचारतो. तळाचा मागचा भाग सरळ आहे का? डोळ्यांनी दिसतो म्हणून नव्हे. सूत ताणून किंवा सरळ पट्टी लावून पाहिला आहे का?

आमच्याकडे फायबरच्या होड्यांवर जेव्हा जोरकस आउटबोर्ड यंत्रे येऊ लागली, तेव्हा काही होड्या अशाच उसळत असत. वडील म्हणायचे की होडीची ढुंगणाकडची फळी 'पोट सुटलेली' आहे. म्हणजे मध्ये किंचित फुगीर आणि शेवटाकडे वर गेलेली. वल्ह्यावर किंवा शिडावर चालणाऱ्या होडीला असे पोट असलेले चालते, किंबहुना हवेच असते. जोरात पळणाऱ्या होडीला ते सोसत नाही.

दुसरे एक. तुमचे स्पॉन्सन तुम्ही लावलेल्या छायाचित्रात प्रथम पाहिले तेव्हा मला आमची उलांडी, म्हणजे होडीच्या बाजूला बांधलेले आधाराचे लाकूड, आठवली. परंतु तुमचे वर्णन वाचल्यावर लक्षात आले की काम वेगळे आहे. उलांडी होडी कलंडू नये म्हणून असते, आणि तिचा उपयोग होडी थांबलेली असतानाही होतो. तुमचे स्पॉन्सन वेगाशिवाय निरुपयोगी दिसतात.

लाटालहरी

बंदरकाठी यांनी नेमके बोट ठेवले. तांत्रिक कारण असे की तळ मागे वर वळलेला असेल, तर त्या वळणावरून जाणारे पाणी तळाला खाली खेचते; त्यामुळे नाक वर उठते, उठल्यावर आधाराची जागा मागे सरकते, मग नाक पडते, आणि हे चक्र चालू राहते. उलट बाजूचा दोषही असतो: तळ शेवटाला खाली वळलेला असेल, तर नाक दाबले जाते आणि नौका उसळत नाही, पण वेग खाते. ताशी ४६ ला तुमची नौका अजून पंख्यावर तोललेलीच नाही, ती मागच्या तळावर बसलेली आहे. पूर्ण वेगात जो भाग पाण्याला शिवणार नाही, तोच आज सगळा त्रास देत असावा.

तरीही करवत हाती घेण्यापूर्वी फुकटचे दोन उपाय करून पाहा. यंत्राचा कोन ठरवणारी खीळ एक भोक आत घ्या, आणि स्वतः गुडघ्यांवर बसून जितके पुढे सरकता येईल तितके सरका. उसळी थांबली तर दिशा बरोबर आहे असे समजा.

वातगती

पुण्याहून, विमानांच्या क्षेत्रात काम करणारा एक वाचक. पाण्याविषयी वरील दोघांनी लिहिले आहे, मी हवेविषयी लिहितो, कारण या नौकेत चालक नकळत पंखावर बसलेला असतो.

ताशी ८५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २३.६ मीटर. त्या वेगाला हवेचा गतिज दाब सुमारे ३४० पास्कल होतो. तुमच्या तळाचे क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर धरले आणि उचल गुणांक, म्हणजे तळाची हवेत उचल देण्याची क्षमता दाखवणारा आकडा, ०.३ इतका माफक घेतला, तर हवा सुमारे ३६ किलो भार उचलते. १९५ किलोंच्या नौकेत हे स्वागतार्ह आहे. ताशी १२० ला मात्र तेच ७२ किलो होतात, कारण उचल वेगाच्या वर्गाने वाढते. आणि ही उचल नौकेच्या मध्यावर पडत नाही, पुढच्या भागावर पडते. एखाद्या लाटेने नाक दोन-तीन अंश उठले की उचल वाढते, उचल वाढली की नाक आणखी उठते, आणि एका मर्यादेनंतर चालकाच्या हातात काही उरत नाही. नौका मागच्या बाजूला उलटते. डोनाल्ड कॅम्पबेल यांची 'ब्लूबर्ड के सेव्हन' ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन वॉटरवर ताशी ३०० मैलांच्या आसपास अशीच हवेत उठून उलटली आणि त्यांचा अंत झाला.

म्हणून १७ इंची पंखा लावण्यापूर्वी भारमध्य कोठे आहे ते गणिताने नव्हे, प्रत्यक्ष मोजून नोंदवा. नौका यंत्र व चालकासह एका गोल दांड्यावर तोलून पाहणे पुरेसे आहे. भारमध्य स्पॉन्सनांच्या मागच्या टोकांच्या मागे असावाच लागतो, पण फार मागे गेला की आज जी उसळी आहे तिची उद्या उडी होईल.

दक्षिणवारा

सिडनीहून लिहितो. लाकूड आणि वेग यांविषयी कोणाला अजून शंका असेल तर येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात यावे. केन वॉर्बी यांनी 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया' ही नौका स्वतः रेखली आणि सिडनीतील आपल्या घराच्या परसात प्लायवुड व लाकडाने बांधली. वरून फायबरग्लासचा थर. तिला लष्कराकडून मोडीत निघालेले वेस्टिंगहाऊस कंपनीचे 'जे-३४' जेट यंत्र बसवले. ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर त्यांनी ताशी ३१७.६ मैल, म्हणजे ५११ किलोमीटर वेग गाठला. वॉर्बी २०२३ मध्ये गेले. तीही तीनबिंदूच. जेट यंत्राला पाण्यातला पंखा नसल्याने तिसरा बिंदू मागच्या तळाचा होता, एवढाच फरक.

संग्रहालयात तिच्या स्पॉन्सनांच्या कडा जरूर पाहाव्यात. घरी बांधणारे आपण सुतारकामाच्या सवयीने प्रत्येक कड हाताला लागू नये म्हणून गोल करतो. पाण्यातली मागची कड गोल केली की पाणी ती सोडत नाही, वळून वर चढते आणि ओढ लावते. पुढच्या कडा गोल, मागच्या कडा सुरीसारख्या, हे गॅरेजाच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

तळ्याकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितो आहे.

खीळ एक भोक आत घेतली तेव्हा उसळी कमी झाली, वेग ताशी दोन किलोमीटर घटला. पुढे सरकून बसलो तेव्हा उसळी थांबली, पण तेथून सुकाणूचक्र माझ्या छातीत रुतत होते, तेव्हा हा कायमचा उपाय नव्हे. मग नौका गॅरेजात उलटी केली आणि सव्वा मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तळावर मागून लावली. शेवटाच्या फळीपाशी पट्टी आणि तळ यांत चार मिलिमीटरांची फट होती! बंदरकाठी यांच्या वडिलांचे शब्द तंतोतंत लागू पडले. पोट सुटलेले होते.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, कबूल करायला लागला. सांगाडा जमिनीवर पक्क्या केलेल्या आधारपट्टीवर बांधला होता, आणि तो त्यावर होता तोपर्यंत तळ सरळ होता; तेव्हाची मोजमापे वहीत आहेत. डिसेंबरात गॅरेजात गाडी ठेवायची वेळ आली तेव्हा, वरचे आच्छादन बसण्यापूर्वीच, मी सांगाडा आधारपट्टीवरून काढून दोन सुतारी लाकडी घोड्यांवर ठेवला. एक घोडी पुढच्या टोकाला आणि एक मागच्या. पाच आठवडे तो तसाच होता. आच्छादनाशिवायचा सांगाडा म्हणजे झाकण नसलेला पुठ्ठ्याचा खोका; मध्ये तो स्वतःच्या वजनाने खाली झुकला. मग मी वरून प्लायवुड डकवले आणि ते पोट कायमचे केले.

बंदरकाठी

चार मिलिमीटर म्हणजे सव्वा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आमच्याकडे तेवढ्यासाठी होडी परत उघडली नसती, पण आमच्या होड्या तेवढ्या पळतही नाहीत.

पठाण, म्हणजे होडीचा तळकणा, मांडताना आमच्याकडे दर दीड-दोन हातांवर आधाराचा ठोकळा घालतात आणि बाजू पूर्ण चढेपर्यंत एकही काढत नाहीत. रोज सकाळी वडील सूत धरून पाहत असत, कारण रात्रीतून वाळू खचते आणि ठोकळा बसतो. गॅरेजाची फरशी खचत नाही, म्हणून बहुधा हा नियम तुमच्या आराखड्यांत कोणी लिहिला नसावा.

आता दुरुस्ती कशी करणार? आच्छादन काढून तळ दाबणे मी तरी करणार नाही. भर घालून सरळ करावे.

तळ्याकाठचा

भरच घातली. जुना रंग खरवडून लाकूड उघडे केले. शेवटच्या दहा सेंटिमीटरांत एपॉक्सीत सिलिका मिसळून कठीण भर दिली, कारण दक्षिणवारा यांनी सांगितलेली सुरीसारखी कड मऊ भरीत टिकली नसती. उरलेल्या भागात पोकळ सूक्ष्म मण्यांची हलकी भर. सर्व मिळून वजन सव्वा किलोने वाढले. नंतर सरळ फळीला सँडपेपर चिकटवून आलटूनपालटून दोन्ही तिरक्या दिशांनी घासत गेलो. सरळ लांबीत घासले तर फळी आहे त्याच वळणावर चालते आणि चूक गुळगुळीत होते, सरळ होत नाही, हे मला अर्धा दिवस वाया गेल्यावर समजले. आता पट्टी आणि तळ यांमध्ये कागदही जात नाही.

वातगती यांच्या सांगण्यानुसार नौका दांड्यावर तोलली. भारमध्य माझ्या कागदावरच्या जागेपेक्षा सात सेंटिमीटर मागे निघाला; त्याचे एक कारण असे की यंत्राचे वजन मी मूळ माहितीपत्रकातून घेतले होते आणि त्यात पंखा धरलेला नव्हता. इंधनाची टाकी चालकाच्या मागून पुढे नेऊन त्यातले चार सेंटिमीटर परत मिळवले.

नवशिका_नाखवा

माझ्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. हीच नौका महाराष्ट्रात बांधायची झाली तर साहित्य मिळेल का, आणि चालवणार कोठे? मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हला पी वन पॉवरबोटची शर्यत झाली, ती मी कठड्यावरून पाहिली होती. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

बंदरकाठी

मरीन ड्राइव्हच्या त्या नौका फायबरच्या आणि समुद्रासाठी खोल इंग्रजी व्ही आकाराच्या तळाच्या होत्या. तळ्याकाठचा यांची नौका समुद्रात चालणार नाही; दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात तर मुळीच नाही. त्यासाठी खाडीचे किंवा धरणाचे सपाट पाणी हवे. धरणाच्या जलाशयावर यंत्राची नौका नेण्याला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली यंत्रावर चालणाऱ्या नौकेची नोंदणीही. हे आधी पाहा, मग लाकूड घ्या. उलट क्रमाने गेलेल्यांच्या होड्या मी अंगणात कुजताना पाहिल्या आहेत.

साहित्याविषयी: आपल्याकडे आय एस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लायवुड मिळते आणि पाण्याला ते उत्तम टिकते, पण जड असते. आठ बाय चारचा ४ मिलिमीटरचा पत्रा साधारण नऊ किलो भरतो. ओकूमेचा सहाच्या आत. पत्रा घेताना कड नीट पाहा, मधल्या थरांत फटी असतील तर शिक्का कसलाही असो, परत करा. चौकटींना साग घेण्याचा मोह होईल. साग मला जीव की प्राण आहे, पण तो जड, आणि त्यातल्या तेलामुळे एपॉक्सी नीट धरत नाही. जोडण्यापूर्वी ताबडतोब अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो. त्यापेक्षा गाठी नसलेला, वाळलेला देवदार निवडून घ्या. पावसाळ्यात एपॉक्सीचे काम ठेवू नका. हवेतल्या ओलीने वर मेणचट साय येते. ती पाण्याने धुऊन न काढता पुढचा थर दिला तर तो सोलून निघतो.

लाटालहरी

एक भर घालते. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने तीनबिंदूपेक्षा आठ फुटी, साधी, सपाट तळाची नौका बांधावी. तिला सांधाही लागत नाही. कॅनडातील मस्कोका भागात अशा चिमुकल्या नौकांना 'सी-फ्ली', म्हणजे पाण्यावरची पिसू म्हणतात, आणि शाळकरी मुलेही त्या मोठ्यांच्या मदतीने बांधतात. शिवाय दहा अश्वशक्तीच्या आतले आउटबोर्ड यंत्र आपल्या कोणत्याही मासेमारी बंदरात मिळेल आणि दुरुस्त करणाराही तेथेच भेटेल.

तळ्याकाठचा

काल पुन्हा पाण्यावर गेलो. पाणी आरशासारखे होते. हेल्मेट, जीवरक्षक जाकीट, आणि यंत्र बंद करणाऱ्या खटक्याची दोरी मांडीला; चालक बाहेर फेकला गेला की दोरी खटका ओढते आणि यंत्र थांबते. मुलीने आधी ती दोरी तीन वेळा ओढून पाहिली आणि तिन्ही वेळा यंत्र थांबल्यावरच मला सोडले.

प्रथम जुनाच १३ इंची पंखा ठेवला, म्हणजे तळाच्या दुरुस्तीचा परिणाम वेगळा कळावा. उसळी गेली. अगदी पूर्ण गेली. वेग ताशी ४८, म्हणजे दोनच किलोमीटर जास्त. लाटालहरी यांचे म्हणणे खरे होते की त्या दोन तक्रारी वेगळ्या होत्या. नंतर १७ इंची पंखा लावला. सुरुवातीला नौका पाण्यातून उठायलाच तयार नव्हती, मी जवळजवळ नाकावर झोपल्यावर उठली; पण एकदा उठल्यावर ५,४०० फेऱ्यांना ताशी ५६. आकडा त्यांनी सुरुवातीलाच लिहिला होता तोच आला, याचा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

यंत्र एक इंच वर चढवून एक फेरी केली तेव्हा ५८ दिसले, मात्र यंत्र थंड करणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार बारीक झाली, म्हणून लगेच परत खाली घेतले. डावीकडे वळताना नौका अजून बाजूला घसरते. शर्यतींत वळणे डावीच असतात, म्हणून डाव्या स्पॉन्सनच्या आतल्या बाजूला पाण्यात उतरणारे उभे पाते बसवायचे आहे. ते किती खोल असावे?

लाटालहरी

मोठे करून सुरुवात करा आणि कापत या. अ‍ॅल्युमिनियम कापता येते, वाढवता येत नाही. पात्याच्या खिळी स्पॉन्सनच्या नुसत्या ४ मिलिमीटर प्लायवुडमधून नेऊ नका; आतून लाकडी ठोकळा घाला. वळणावरचा सगळा जोर त्या चार खिळींवर येतो.

तळ्याकाठचा

ठोकळा घालायचा तर स्पॉन्सनचे वरचे आच्छादन उघडावे लागेल. ठीक आहे. या वेळी नौका पाच ठोकळ्यांवर ठेवली आहे, आणि गाडी बाहेर पावसात.